बुजलेला टॉम: ओझार्कच्या रानातले चार दिवस

एप्रिलचा शेवटचा आठवडा, मंगळवार, सकाळचे सहा पस्तीस. पानांवर ठेवलेली स्लेट, म्हणजे काडी घासून टर्कीच्या मादीचा आवाज काढायचा ‘कॉल’, उचलायला मी डावा हात वीतभर पुढे नेला. पन्नास यार्डांवर चरणाऱ्या मादीने मान वर केली आणि ‘पट्’ असा एकच कोरडा आवाज काढला. तिच्यामागे पिसारा फुलवून उभा असलेला नर, म्हणजे टॉम, बघता बघता निम्मा झाला. पिसारा मिटला, मान काठीसारखी ताठ झाली, पंख पाठीवर एकदा झटकले गेले आणि तो उताराच्या बाजूला चालू लागला. पळाला नाही, उडाला नाही. घाईने, पण चालत गेला. तेव्हा या फरकाचं महत्त्व मला कळलं नव्हतं.

पुढच्या चार दिवसांत त्या एकाच नराच्या मागे मी काय केलं, काय चुकलं आणि काय जमलं, ते इथे क्रमाने मांडतो आहे. अमेरिकेत राहणारे आपले काही लोक आता परवाना काढून रानात जाऊ लागले आहेत. त्यांना रानटी टर्की बुजवण्याचा अनुभव पहिल्याच हंगामात येतो, आणि बहुतेक जण तिथेच तो पक्षी सोडून देतात. मीही सोडणारच होतो.

जागा मिझुरी राज्याच्या दक्षिणेची, ओझार्कच्या डोंगराळ पट्ट्यातली. मार्क ट्वेन राष्ट्रीय वन इथे जवळजवळ १५ लाख एकरांवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं आहे. ओक आणि हिकरीचं रान, डोंगरांच्या लांब लांब धारा आणि त्यांच्यामधल्या खोल घळी. या घळींना तिथली माणसं ‘हॉलो’ म्हणतात. एप्रिलअखेरीस डॉगवूडची पांढरी फुलं उमललेली असतात, ओकची पानं नुकती फुटत असतात आणि त्यामुळे रान अजून बरंच उघडं असतं. माणूस दुरून दिसतो.

हे रान सरकारी असल्यामुळे कोणीही परवानाधारक तिथे येऊ शकतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी शिकार सुरू करता येते आणि सरकारी जमिनीवर दुपारी एक वाजता थांबवावी लागते. वसंतात दाढी असलेला पक्षीच मारायचा. दाढी म्हणजे छातीवर लोंबणारा केसांसारख्या राठ पिसांचा झुबका. धान्य टाकून आमिष दाखवायचं नाही, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायचा नाही, बंदुकीत चार नंबरपेक्षा मोठा छर्रा भरायचा नाही. नियम कडक आहेत आणि त्यामागे कारण आहे. या राज्यात टर्की इतकी संपत आली होती की १९३७ साली शिकार पूर्ण बंद करावी लागली. पुढे वनखात्याने जिवंत पक्षी जाळ्याने धरून रिकाम्या रानांत नेऊन सोडले, तेव्हा कुठे १९६० साली वसंतातला हंगाम पुन्हा उघडला. बंदुका आणि काडतुसांवरच्या ११ टक्के करातून देशभर अशा कामांना पैसा मिळतो. तो कर लावणारा कायदाही १९३७ सालचाच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा शब्दच चोरीच्या जवळ जाऊन बसला, आणि ते योग्यच झालं. पण इथली व्यवस्था वेगळी आहे, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट नीट वाचता येणार नाही.

मंगळवारची चूक इथे संपली असती तरी चाललं असतं. पण मी दहा मिनिटं कशीबशी बसलो आणि मग उठलो. तो चालतच गेला आहे, म्हणजे फार लांब गेला नसेल, असा हिशेब केला. धारेच्या कडेकडेने दबकत शंभरेक पावलं गेलो आणि माथ्यावरून पलीकडे डोकावलो. तो चाळीस पावलांवर खाली उभा होता, तोंड माझ्याकडे. या वेळी काही शंकेला जागाच नव्हती. पंखांचा मोठा फडफडाट झाला, नऊ-दहा किलोचं ते धूड हवेत उठलं आणि घळ ओलांडून समोरच्या धारेवर उतरलं. त्याच्याबरोबरच्या तिन्ही माद्या तिसऱ्याच दिशेला पळाल्या होत्या. एक मात्र झालं. उडताना त्याची शेपूट पूर्ण उघडली आणि डाव्या बाजूचं एक पीस नसल्याची फट मला स्पष्ट दिसली. ती फट पुढे उपयोगी पडली.

पाठलाग करण्यात दुसराही एक धोका होता, आणि त्याची मला नंतर जास्त लाज वाटली. सरकारी रानात टर्कीच्या आवाजाच्या दिशेने दबकत जाणं हा अपघाताचा राजमार्ग आहे. तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याच्या कॉलचा असू शकतो, आणि झुडपातून पुढे सरकणारे आपण त्याला टर्की वाटू शकतो. शिकारी-प्रशिक्षणाच्या वर्गात हे बजावून सांगतात. लाल, पांढरं, निळं काही अंगावर ठेवू नका, कारण नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं. खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसा. हे सगळं मला पाठ होतं. तरी उठलोच.

नराच्या डोक्याच्या या रंगबदलाची नोंद आपल्याकडेही झालेली आहे. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीरसाठी जी अपूर्वाई नेली, त्यात एक नर टर्की होता. माजावर आला की त्याचं डोकं सरड्यासारखं रंग बदलतं, असं बादशहाने स्वतः लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात उतरलेला तो पक्षी पाळीव होता. मी ज्याला बुजवलं होतं तो पिढ्यान्‌पिढ्या रानमांजर, कोयोटी आणि मोठ्या घुबडांना चुकवत जगलेल्यांपैकी होता.

संध्याकाळी मोटेलवरून शेजारच्या आजोबांना फोन लावला. आजोबा हा शब्द माझा. तिथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावानेच हाक मारतो. वय ऐंशीच्या पुढे, बालपण याच डोंगरांत गेलेलं, आता गुडघे चालू देत नाहीत. मी आधी माझ्या चुकीचं रडगाणं गायलो. ते त्यांनी ऐकून घेतलं आणि एकामागून एक प्रश्न विचारले.

“पहिल्यांदा उडाला की चालत गेला?”

“चालत.”

“तुला पाहिलं, की काहीतरी हललेलं पाहिलं?”

“हात हलला. मी पूर्ण झाकलेला होतो. पण दुसऱ्यांदा मात्र सरळ मलाच पाहिलं.”

“दुसऱ्यांदा तू कॉल वाजवला होतास?”

“नाही.”

“माद्या त्याच्याबरोबर गेल्या?”

“नाही. वेगळीकडे पळाल्या.”

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “पक्षी गेलेला नाही. उद्या बंदूक गाडीतच ठेव. नुसता ऐकायला जा.”

त्या रात्री मी त्यांचे प्रश्न वहीत उतरवले आणि माझ्या लक्षात आलं की ते माझ्या चुकीचा हिशेब करतच नव्हते. ते नराच्या डोक्यात काय उरलं असेल, याचा हिशेब करत होते. या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच. सावज बुजलं म्हणजे नेमकं काय झालं, हे त्याच्या बाजूने ठरवावं लागतं.

टर्कीची नजर विलक्षण असते. डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे मान न वळवता तिला जवळजवळ पाठीमागचंही दिसतं, आणि रंग आपल्यापेक्षा जास्त ओळखू येतात. कानही तिखट; एकदा ऐकलेल्या आवाजाच्या जागी ती बिनचूक येऊन उभी राहते. वास मात्र फारसा येत नाही. म्हणजे हरणाच्या शिकारीत वाऱ्याची जी चिंता करावी लागते, ती इथे जवळपास नाही. तिथले शिकारी म्हणतात की हरणाला माणूस दिसला तरी तो बुंधा वाटतो, आणि टर्कीला प्रत्येक बुंधा माणूस वाटतो. पण त्याची दुसरी बाजू अशी की टर्की रोजच बुजते. फांदी पडली, ससाणा डोक्यावरून गेला, रानमांजराची सावली हलली, की ‘पट्’ आणि पोबारा. एवढ्याशा कारणाने जर नराने तो परिसर आणि त्या माद्या कायमच्या सोडल्या, तर वसंताचे ते मोजके आठवडे त्याच्या हातून जातील. त्याला परतावंच लागतं.

मग मंगळवारी तो काय शिकला? पहिल्या वेळी: ज्या बाजूने माझ्या पेटी-कॉलचा, म्हणजे झाकण घासून वाजवायच्या लाकडी पेटीचा, मोठा आवाज येत होता, त्या बाजूला मादी घाबरली. म्हणजे तो आवाज आणि ती जागा ही जोडी संशयास्पद. दुसऱ्या वेळी: धारेच्या माथ्यावर माणूस. हा धक्का मोठा होता, पण त्या वेळी कोणताही कॉल वाजत नव्हता, त्यामुळे मादीचा आवाज आणि माणूस यांची थेट गाठ त्याच्या मनात बसलेली नव्हती. आजोबांचा तिसरा प्रश्न यासाठी होता. मी जर कॉल वाजवत वाजवत पुढे गेलो असतो, तर त्या हंगामापुरता तो प्रत्येक कॉलपासून लांब राहिला असता, अशी माझी समजूत झाली आहे.

चौथा प्रश्न माद्यांचा. शरद ऋतूतल्या शिकारीत थवा मुद्दाम बुजवतात. ओरडत, धावत जाऊन, काही राज्यांत कुत्रं सोडून, सगळे पक्षी चारी दिशांना उधळायचे आणि मग त्याच जागी दडून बसायचं. पिल्लांना आईपासून तुटून राहवत नाही. थोड्या वेळाने ती ‘की-की’ अशी शिट्टीसारखी साद घालत परत जमू लागतात, आणि शिकारी तीच साद घालतो. वसंतातला प्रौढ नर काही आईला शोधत येत नाही, पण माद्यांपासून तुटलेला नर त्यांच्याबरोबर चालत गेलेल्या नरापेक्षा लवकर बोलता होतो. मंगळवारी मी पळून गेलेल्या माद्यांच्या जागीच गपगार तासभर बसलो असतो तर कदाचित त्याच दिवशी काही घडलं असतं. मी तेव्हा गाडीत बसून थर्मासमधला चहा पीत होतो.

बुधवारी पहाटे बंदूक खरोखरच गाडीत ठेवली. घळीच्या अलीकडे, बरंच लांब, एका पडलेल्या लाकडावर बसलो. काळोखात व्हिपपुअरविल या रातपक्ष्याचा न थकणारा घोष चालला होता. पाच चाळीसला लांबून घुबड बोललं आणि त्याला उत्तर म्हणून नराने ‘गॉबल’ ही आपली आरोळी ठोकली. हे उत्तर मादीसाठी नसतं. अचानक मोठा आवाज झाला की नर स्वतःला आवरू शकत नाही, म्हणून शिकारी पहाटे घुबडाची किंवा दिवसा कावळ्याची नक्कल करून त्याची जागा काढून घेतात. तो जुन्या झाडावर नव्हता. समोरच्या धारेवर, तीनेकशे यार्ड सरकलेला होता. झाडावरून दोनदाच बोलला. खाली उतरल्यावर अगदी शांत. सोमवारी संध्याकाळी याच नराने दहा-बारा वेळा रान दणाणून सोडलं होतं.

सात वाजले, आठ वाजले. माझ्या खिशात स्लेट होती आणि हात शिवशिवत होते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी गत. पण ऐकायला आलो होतो, ऐकत बसलो. गोचिडी काढत, पायाखालचे मशरूम बघत. नऊ पन्नासला कावळ्यांचा कालवा झाला आणि त्यावर एक गॉबल आलं. एकच. समोरच्या धारेच्या कमरेवरून जाणाऱ्या जुन्या लाकूडवाटेवरून.

ही वेळ योगायोगाची नव्हती. एप्रिलच्या या दिवसांत माद्या अंडी घालत असतात. मादी जवळजवळ रोज एक याप्रमाणे दहा-बारा अंडी पुरी करते आणि नंतर २८ दिवसांच्या आसपास उबवते. सकाळी ती नराबरोबर चरते, पण अंडं घालायची वेळ झाली की गुपचूप निसटून घरट्याकडे जाते. त्यामुळे सकाळी सहाला माद्यांच्या घोळक्यात असलेला, आपल्या कॉलकडे ढुंकूनही न बघणारा नर दहा वाजता एकटा पडलेला असू शकतो. पहाटेचाच वेळ खरा, असं मानून नऊ वाजता न्याहारीला जाणारे बरेच शिकारी ही वेळ हातची घालवतात. बुजलेल्या नराच्या बाबतीत तर मला हीच वेळ एकमेव वाटते. पहाटे त्याच्याजवळ माद्या असतात, म्हणजे त्याच्याबरोबर आणखी तीन-चार सावध डोळ्यांच्या जोड्याही असतात. मंगळवारी मला पकडलं ते मादीने.

लाकूडवाटेची जागा नकाशावर टिपली आणि एकही आवाज न काढता परत फिरलो. चार दिवसांतलं सर्वांत अवघड काम तेच होतं.

गुरुवारी दिवसभर पाऊस. मोटेलच्या खिडकीतून बघत बसलो आणि आजोबांशी दोनदा बोललो. कुठे बसायचं यावर आमचा जरा वाद झाला. मला वाटेच्या सरळ, लांब पट्ट्यावर बसायचं होतं, म्हणजे तो दुरून दिसेल आणि तयारीला वेळ मिळेल. सोबत मादीचा डिकॉय लावायचाही विचार होता. डिकॉय म्हणजे उलटं बुजगावणं; शेतातलं पक्ष्यांना हाकलायला, हे बोलवायला. आजोबांनी दोन्ही मोडीत काढलं. “तू त्याला लांबून दिसू दिलंस, तर तोही तुला लांबून बघणार. आवाज आला त्या जागी मादी दिसली नाही, की तो तिथेच थांबतो. शंभर यार्डांवर उभा राहून तासभर बघत बसेल. आणि बाहुली दिसली तरी ती हलत नाही, हे त्याला कळतं.”

यामागची गोष्ट जरा उलगडून सांगायला हवी. टर्कीच्या जगात रीत अशी की नर ओरडतो, पिसारा फुलवतो, आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. कॉल वाजवणारा शिकारी ही रीत उलटी करायला बघतो: मादी बसून आहे, नराने यावं. तरणा, एकटा नर ते मानतो. शहाणा नर अर्ध्या वाटेवर थांबून मादीने बाकीचं अंतर तोडावं याची वाट पाहतो, आणि एकदा बुजलेला नर तर अर्धी वाटही येत नाही. त्याला यायला लावायचं असेल तर दोन गोष्टी लागतात. पहिली, मादी दिसत नाही याला काहीतरी साधं कारण हवं: वळण, उंचवटा, झुडूप. दुसरी, जिथून तिची जागा त्याला पहिल्यांदा दिसेल, ते ठिकाण आपल्या माऱ्यात हवं. वाटेचं वळण हे दोन्ही देतं. म्हणून लाकूडवाट जिथे एका उंचवट्याला वळसा घालते, तिथे आतल्या बाजूला, वाटेपासून तीस यार्ड वर, एक जाड पांढरा ओक मी नकाशावर आणि मग प्रत्यक्षात शोधला. वर यासाठी की टर्की चढावर यायला सहसा राजी असते, उताराला कुरकुरते. ही अनुभवी लोकांची समजूत आहे. मी ती पाळतो.

शुक्रवारी पहाटे उठलोच नाही. नऊला गाडी लावली, तीही घळीच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे मंगळवारच्या माझ्या वाटेशी काही संबंध येऊ नये. पावसाने पानं भिजून मऊ झाली होती, पावलांचा आवाज नव्हता. डोक्यावर नारिंगी टोपी घालून चाललो, बसल्यावर ती पिशवीत गेली. नऊ चाळीसला ओकला पाठ टेकली. गुडघा वर, बंदूक गुडघ्यावर, नळीचं तोंड वाटेच्या वळणाकडे. स्लेट डाव्या मांडीवर अशी ठेवली की हात लांबवायला लागू नये. मंगळवारचा सगळा घोळ त्या वीतभर अंतराचा होता.

पेटी-कॉल गाडीतच राहिला. स्लेटवर लाकडी काडी टेकवून दोन हलके ‘क्लक’ केले, अगदी तोंडातल्या तोंडात बोलल्यासारखे. मग पाच मिनिटं काही नाही. मग उजव्या हाताने पानं उकरली: एक ओढ, थांबा, दोन झटपट ओढी, थांबा, पुन्हा एक. चरणारी टर्की पायांनी पाचोळा अशाच तालात उकरते. माझ्या मते बुजलेल्या नरासाठी यासारखा कॉल नाही, कारण मंगळवारी ज्याने त्याला दगा दिला त्या आवाजाशी याचं काही नातं नाही. यात आर्जव नाही, बोलावणं नाही. इथे एक मादी चरते आहे आणि निर्धास्त आहे, एवढंच त्यातून कळतं. घाबरलेल्याला तेच ऐकायचं असतं.

पहिल्या अर्ध्या तासात एकूण पाच क्लक, एक हलकी घुरघुर आणि तीनदा पानं. उत्तर नाही. दहा वाजून वीस मिनिटांनी लांब कुठेतरी कावळा ओरडला, त्यालाही उत्तर नाही. मी चुकीच्या धारेवर बसलो आहे याची मला खात्री पटू लागली. पाठीखाली एक मूळ टोचत होतं. साडेदहा. दहा चाळीस. उठून शंभर यार्ड पुढे जाऊन बसावं, असं वाटू लागलं. मी वहीत आदल्या रात्री लिहून ठेवलं होतं: साडेअकरापर्यंत उठायचं नाही, काहीही झालं तरी. त्या एका ओळीने मला बसवून ठेवलं.

दहा बावन्नला छातीत काहीतरी घुमल्यासारखं झालं. आवाज म्हणावा इतका स्पष्ट नाही. दूरच्या रस्त्यावर ट्रक चालू ठेवून उभा असावा तशी थरथर, आणि तिच्या आधी एक बारीक ‘फ्च्’. पिसारा फुलवताना नर हा आवाज काढतो. तो पन्नास-साठ यार्डांच्या पलीकडे सहसा ऐकू येत नाही. म्हणजे तो जवळ होता, एक शब्दही न बोलता आला होता, आणि मला दिसत नव्हता. बुजलेले नर असेच येतात. ज्याला गॉबल ऐकायची सवय आहे, तो अशा वेळी उठून उभा राहतो आणि पंखांचा फडफडाट ऐकतो.

मी मांडीवरची स्लेट सोडली. बोटसुद्धा हलवलं नाही. चार मिनिटं गेली. मग वळणाच्या उंचवट्यामागून आधी पिसाऱ्याची वरची कड उगवली, अर्धवर्तुळाची, आणि डाव्या बाजूला एक फट. तोच.

पिसारा फुललेला असताना नराची मान आत ओढलेली असते, तेव्हा गोळी घालायची नसते. छर्रे मान आणि डोक्यावरच बसले पाहिजेत. शरीरावर बसले तर तो जखमी होऊन कुठेतरी मरतो. तो पंचेचाळीस यार्डांवर होता. मी माझी मर्यादा चाळीसची ठरवली आहे, बंदूक कागदावर झाडून बघून. तो गोल फिरला, पाठ केली, पुन्हा फिरला. वाटेवरच्या एका हिकरीमागे त्याचं डोकं गेलं तेवढ्यात मी नळी दोन बोटं डावीकडे सरकवली. तो बाहेर आला तेव्हा बत्तीस यार्डांवर होता. पिसारा मिटला होता आणि मान वर होती, मादी कुठे आहे ते शोधत. दाढी स्पष्ट दिसत होती. मागे मोकळी माती होती. मी घोडा दाबला.

वेळ दहा एकोणसाठ. मी सेफ्टी लावली आणि चालत गेलो.

वजन साडेनऊ किलो, पायाच्या मागची नखी सव्वा इंचाच्या जवळ. म्हणजे हा किमान तीन वर्षांचा असावा. पहिल्या वर्षाच्या नराची नखी नुसतं बोंड असते. चौथ्या दिवशी हा हाताशी आला यात माझं कौतुक जेवढं, तेवढाच त्या पावसाचा आणि एकट्या पडलेल्या त्याच्या वेळेचा वाटा होता. माद्या त्याच्याबरोबर असत्या, तर वळणाची जागा, पानांची उकर, काहीही कामाला आलं नसतं असं मला वाटतं. आणि मंगळवारी मी जागेवरून उठलो नसतो, तर बहुधा त्याच दिवशी दहाच्या सुमारास तो त्याच धारेवर परतला असता. याची परीक्षा घेता येणार नाही, पण पुढच्या हंगामात पहिल्या ‘पट्’नंतर मी घड्याळ लावून दोन तास बसणार आहे.

परवान्यावर तारखेची खूण तिथेच केली. शिकारीची नोंद त्याच रात्री दहाच्या आत खात्याला कळवावी लागते, ती गाडीत बसून केली. मग आजोबांना फोन. त्यांनी पहिलं विचारलं ते असं: “आवाज न करता आला ना?” हो म्हटल्यावर म्हणाले, “पोट बघ.” साफ करताना बघितलं. गळ्याखालची पिशवी जवळजवळ रिकामी. थोडं क्लोव्हर, दोन भुंगेरे. छातीवर मात्र चरबीचा पिवळट स्पंजासारखा थर होता, अर्धा वापरलेला. वसंतात नर खायला फारसा थांबत नाही. हिवाळ्यात साठवलेल्या या चरबीवर तो ते आठवडे काढतो.

छातीचं मांस त्यांना दिलं. पाय चिवट असतात, बहुतेक लोक ते टाकून देतात. आमच्याकडे ते वाटण लावून कुकरमध्ये सात शिट्ट्या घेऊन शिजले, आणि रविवारी आजोबा भाकरीबरोबर तांबडा रस्सा ओरपत, घाम पुसत, मला चौदा वर्षांचे असताना त्यांनी बुजवलेल्या एका नराबद्दल सांगत होते. तो त्यांना कधीच मिळाला नाही. त्याची धार अजून त्यांना नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.